चार्जिंग नव्हतं

शिरगाव, ता. पालघर
गुरुवार, २३ जानेवारी २०२५

चि. सौ. हेमाली,

आईचा आशीर्वाद. मेहुलरावांना नमस्कार आणि ध्रुवीच्या दोन्ही गालांना पापा. पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी बरी आहे. गळ्याच्या छिद्राभोवतीची लाली गेली, खोकला थांबलाय, डॉक्टरांनी पुढच्या तपासणीला आता उन्हाळ्यातच बोलावलंय.

इकडे अजून थंडी आहे. बोंबील भरपूर येतायत. किनाऱ्यावर बांबूंच्या सगळ्या रांगा भरल्यात आणि वास तुला माहीतच आहे, शाळेत जाताना नाक दाबून पळायचीस. शेजारून स्वाती सकाळ-संध्याकाळ डोकावते. काल तिने तांदळाच्या भाकरी आणल्या, मी सुक्या जवळ्याची चटणी केली. पालघरच्या बाजारात अजून मासे घेऊन बसायला लागले नाही. माझी जागा तिथल्या शेजारणीने धरून ठेवलीय, टोपली उलटी घालून.

आता फोनचं सांगते. नवीन चार्जर घेतला, केबलसुद्धा. फोन पुन्हा पहिल्यासारखा चालतो. आंघोळ करून येईपर्यंत निम्म्याच्या वर भरतो.

झालं असं की सोमवारी मी तारापूरला बाबांच्या कंपनीत गेले होते. ओळखपत्र, हेल्मेट आणि तिथल्या कपाटाची किल्ली परत द्यायची होती, दोन-तीन सह्या होत्या. स्वाती सोबत येते म्हणाली, पण मीच नको म्हटलं. कधीतरी एकटीने जायला लागणारच. गेटवरचा वॉचमन नवा होता, हिंदीवाला. "किससे मिलना है, आंटी?" मी फोन काढला आणि टाइप केलं, मी नामदेव यांची पत्नी. फोन "मी नामदेव यांची" एवढं बोलला आणि बंद पडला. सकाळी घरातून निघताना भरलेला वाटत होता. वॉचमन माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मग मी हेल्मेट पुढे केलं. त्यावर बाबांचं नाव पांढऱ्या रंगाने लिहिलेलं होतं. ते वाचून तो उठला आणि आपली खुर्ची मला दिली.

कुंभवलीचे कमलाकांतभाऊ तुला आठवत असतील. बॉयलरवर बाबांच्या जोडीला असायचे, तुझ्या लग्नात फेटे त्यांनीच बांधले होते. ते आतून आले. सह्या-बिह्या सगळं त्यांनीच करून घेतलं. निघताना म्हणाले, "वैनी, फोन असा बंद पडून कसा चालेल? दुसऱ्याचा फोन बंद पडला तर त्याचं गाणं बंद होतं. तुमचं तर बोलणंच त्याच्यात हाय." आणि स्कूटरवर बसवून मला बोईसरला घेऊन गेले, स्टेशनाजवळच्या निमेशभाईंच्या दुकानात.

मी समजत होते बॅटरी गेली. पालघरच्या एका दुकानात तसंच सांगितलं होतं, आणि वर एक चार्जर गळ्यात मारायला बघत होते, त्यावर भला मोठा आकडा छापलेला. निमेशभाईंनी आधी काही विकलं नाही. म्हणाले, "मावशी, घरचा चार्जर आणलाय का? दाखवा." पिशवीत होताच. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलून त्यावरची बारीक अक्षरं वाचली, केबलचं टोक बघितलं, फोनचं मॉडेल बघितलं.

"हा तुमच्या फोनचा नाय," ते म्हणाले. "दोन्ही पांढरे, दोन्हीची पिन सेम, म्हणून माणूस फसतो. चार्जर आणि फोन आधी आपसात बोलतात, किती करंट द्यायचा, किती घ्यायचा. तुमच्या फोनच्या कंपनीची बोली वेगळी. हा चार्जर ती बोली जाणत नाय. मग फोन म्हणतो, बाबा, तू आपला थोडं थोडं दे. रात्रभर लावला तर भरेल, पण तुमचा वापर असा की दुपारी संपेल."

मी वहीत लिहून विचारलं, मग त्या पालघरच्या दुकानातला मोठ्या आकड्याचा घेतला असता तर?

"आकडा मोठा असून काय उपयोग? बोली जुळली पायजे. आणि केबलपण तशीच पायजे. बारीक साध्या केबलमधून जास्त करंट जातच नाय, चांगला चार्जर घेऊन पण फुकट." मग त्यांनी त्याच कंपनीचा चार्जर काढला, त्याची जाड केबल काढली, दोन्हींवरचे आकडे जुळतात ते दाखवलं. चार्जरवरचं सरकारी मानक चिन्ह दाखवलं, नकली माल ओळखायला. आधी आपल्या घरचा लावून दाखवला, फोनवर साधं चिन्ह आलं. मग नवा लावला. पडद्यावर विजेचं चिन्ह उमटलं आणि आकडा भराभर वर चढायला लागला. कमलाकांतभाऊ म्हणाले, "बघा, बॅटरी ठणठणीत हाय."

आणि मी तिथे काउंटरला हात टेकून उभी राहिले, कारण आपल्या घरचा चार्जर आपला नव्हता हे कळलं आणि तो कुणाचा तेही कळलं. जुना चार्जर पिशवीत ठेवला आणि पैसे काढले.

हेमाली, नाताळच्या सुट्टीत तू आलीस तेव्हा दोन्ही चार्जर खिडकीजवळच्या बोर्डावर शेजारी-शेजारी असायचे. निघताना घाई झाली, ध्रुवी रडत होती, गाडीची वेळ झाली होती, बाबा दारातून "अगं चल, चल" करत होते. तुझा राहिला आणि माझा गेला. एवढंच झालं. कुणाकडूनही होतं.

घरी येताना मी ठरवलं होतं की हे तुला कधी कळू द्यायचं नाही. नवा चार्जर लावायचा, जुना फळीवर टाकायचा, विषय संपला.

पण काल मेहुलरावांचा स्वातीला फोन आला. तिने मला सगळं सांगितलं. तुला तो चार्जर प्रवासाच्या बॅगेत सापडला. तू जेवत नाहीस. ध्रुवीला शाळेत सोडून येतेस आणि तो हातात घेऊन बसतेस. मेहुलरावांनी विचारलं तर तू म्हणालीस, "बाबांना मी मारलं."

हे ऐकल्यापासून मी या कागदासमोर बसलेय. बोंबील आणि बोईसर लिहून झालं. पुढचं उद्या लिहिते.

शुक्रवार, सकाळ

स्वातीने फोनवर बोल म्हटलं. मी नको म्हटलं. तुला माहीत आहे, माझं लिहिलेलं फोनमधली जी बाई बोलते तिला बाबा बातमीवाली म्हणायचे. बाजारात मी तिच्याकडून पापलेट विकले, उधारीवाल्यांना शिव्याही देववल्या. "दादा, तुम्ही मला फसवू नका" असं ती इतकं गोड म्हणायची की गिऱ्हाईक हसायचं आणि मी चिडायचे. पण हे तिच्या तोंडून तुझ्या कानावर जायला नको. आणि मेसेज तू वाचशील तेव्हा स्वयंपाकघरात असशील की रस्त्यावर, कोण जाणे. कागद तू बसून वाचशील.

तेराव्यानंतर तू बॅग भरत होतीस. माझ्याकडे पाठ होती तुझी. तू म्हणालीस, "आई, एक फोन करता आला नाही तुला? मला नाही तर नाही, स्वातीमावशीला? अॅम्ब्युलन्सला?" मी टाइप केलं, चार्जिंग नव्हतं. बातमीवालीने ते सांगून टाकलं. तू न वळताच बॅगेची चेन लावलीस. मला वाटलं, सुटले. पुढे काही विचारलं नाहीस म्हणून बरं वाटलं मला.

ते खरं नव्हतं. चार्जिंग होतं.

त्या दिवशी मी बाजारात गेले नव्हते. बाबांची सुट्टी होती म्हणून मीही घरी राहिले. फोन सकाळपासून बोर्डालाच लावलेला होता. तुझ्या चार्जरने हळूहळू का होईना, भरला होता. आणि फोन नसता तरी काय? माझे हातपाय शाबूत आहेत. ताट वाजवलं असतं तर स्वाती पळत आली असती. अंगणात गेले असते तर कुणीही दिसलं असतं, दुपारची वेळ होती, बायका बोंबील उलटवत होत्या. तुझ्या चार्जरचा आणि बाबांच्या जाण्याचा काही संबंध नाही. हे वाक्य परत वाच.

आता काय झालं ते सांगते. कुणालाच सांगितलेलं नाही, स्वातीलासुद्धा नाही.

जेवण झालं आणि बाबा म्हणाले छातीत जळजळतंय. मी ओवा दिला. ते खिडकीखालच्या खाटेवर आडवे झाले. मी भांडी घासून आले तर त्यांचा सदरा घामाने ओला, आणि चेहरा असा झालेला की मला लगेच समजलं. मी फोनकडे वळले. त्यांनी माझा हात धरला.

"हंसा, कोनाला बोलवू नको."

मी ओठांनी म्हटलं, स्वातीला बोलावते, रिक्षा आणते, पालघरला जाऊ. तुला माहीत नसेल, घरात आम्ही फोन वापरतच नव्हतो. माझं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी माझे ओठ वाचायची सवय करून घेतली होती. सुरुवातीला काहीच्या काही समजायचे, मी मीठ मागितलं की पीठ आणायचे. मग जमायला लागलं. शेवटी शेवटी तर मी पाठमोरी असले तरी मी काय पुटपुटतेय ते खांद्यांवरून ओळखायचे.

म्हणाले, "नाय. तुझ्या वेळी आमी मुंबईला होतो ना. तू काचेच्या आत, मी भायेर बाकावर. आत सोडत नव्हते. तू आत काय करतेस, जिवंत हाय का नाय, काय कळत नव्हतं. माझं तसं नको. तू जवळ बस."

मी म्हटलं, असं काही होणार नाही, वेळेवर गेलं तर बरं होतं. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मान हलवली. "तुला माहीत हाय," म्हणाले.

मी बसले. त्यांनी हात सोडला नाही.

थोड्या वेळाने म्हणाले, "बोल काहीतरी." मी फोनकडे बोट दाखवलं. "ती बातमीवाली नको. तू बोल." मग मी बोलले. आवाज नाही, नुसते ओठ. ध्रुवीने वाळूत खड्डा खणला आणि त्यात पाणी का राहत नाही म्हणून समुद्रावर रुसली, ते सांगितलं. तुझा जन्म झाला तेव्हा ते रात्रपाळीहून थेट दवाखान्यात आले आणि अंगाला कंपनीतल्या रंगाचा वास म्हणून नर्सने त्यांना आधी आंघोळीला पाठवलं, ते सांगितलं. तेव्हा ते हसले. नीट हसले, दात दिसले. त्यांच्या वडिलांची होडी विकली त्या वर्षी आम्ही दोघं वैतरणेच्या खाडीवर माझ्या मावशीकडे राहायला गेलो होतो आणि ते दिवसभर पाण्याकडे पाठ करून बसायचे, तेही सांगितलं. मी बोलत राहिले. कित्येक दिवसांत एवढं बोलले नव्हते. ते कधी ऐकायचे थांबले ते मला कळलं नाही. डोळे माझ्या तोंडाकडेच होते.

नंतर मी ताट वाजवलं. स्वाती आली. पुढचं तू सगळ्यांकडून ऐकलंस.

हात सोडवता आला असता. त्यांच्या मुठीत जोर राहिला नव्हता, लहान मुलाने धरावा तसा धरला होता. मी सोडवला नाही. पहिल्यांदा वाटलं, एवढं वाक्य संपू दे, मग उठते. मग वाटलं, एवढी गोष्ट संपू दे. आणि एकदा असंही वाटलं, बाय, की मी आता उठले तर हे माझ्याशिवाय जातील.

वाचले असते का? मी डॉक्टरांना लिहून विचारलं. त्यांनी ते वाचलं. म्हणाले, "हंसाबाई, झटका मोठा होता. रस्त्यातही काही झालं असतं. पण सांगता येत नाही." त्यांनी खोटा धीर दिला नाही हे बरं केलं. ते 'सांगता येत नाही' आता माझ्याबरोबर राहणार. सकाळी चुलीपाशी असतं, संध्याकाळी समुद्रावर गेले की येतं. ते माझं आहे. त्यातलं तुला काही द्यायचं नाही म्हणून हे पत्र लिहितेय.

मी तुला खोटं का सांगितलं, ते विचारशील. तू रागात होतीस, आणि तुझं बरोबर होतं. तुला वडिलांचं तोंडसुद्धा जिवंतपणी बघायला मिळालं नाही आणि मी मात्र शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होते. ते एवढं मोठं माझ्या एकटीच्या वाट्याला आलं होतं की तुझ्यासमोर सांगायला लाज वाटली. फोनवर ढकललं. फोन बिचारा काय बोलणार. ते तुझ्या डोक्यावर जाऊन पडेल हे ध्यानीमनी नव्हतं.

आणि एक. हे मी तुला बरं वाटावं म्हणून रचलेलं नाही. रचायचं असतं तर डॉक्टर म्हणाले काही उपयोग झाला नसता, असं लिहिलं असतं. तुझ्या लक्षात येईल. लहानपणापासून माझं खोटं तुला डोळ्यांवरून कळायचं, त्या दिवशी तू पाठमोरी होतीस म्हणून फसलीस.

माझ्यावर रागव. मनापासून रागव. मी समजेन. "त्यांनी नको म्हटलं म्हणून तू ऐकलंस?" असं विचार. मी ऐकून घेईन. इथे येऊन भांडायचं असेल तर ये. स्वातीच्या घरापर्यंत आवाज गेला तरी चालेल, तुझा आवाज तरी जाऊ दे. पण तो चार्जर हातात घेऊन बसू नकोस. ती वस्तू आहे. मेहुलरावांना सांग, कपाटात ठेवून द्या. तुझा इथे फळीवर आहे, येशील तेव्हा घेऊन जा, तुझ्या फोनला तो बरोबर चालेल.

ध्रुवीला माझ्या गळ्यातल्या रुमालाची भीती वाटते ते माझ्या लक्षात आहे. नवीन शिवलाय, निळा, त्यावर छोटी फुलं आहेत. आली की दाखवीन.

हे पाकीट मिळाल्यावर लगेच काही करायची गरज नाही. दोन दिवस घे. पण त्या दोन दिवसांत जेव. मेहुलराव तुझ्यापुढे ताट ठेवतील तेव्हा त्यांच्यावर खेकसू नकोस, तो माणूस घाबरलाय. मग एखाद्या संध्याकाळी फोन लाव आणि नुसती समोर बस. तूही बोलू नकोस, मीही काही टाइप करणार नाही. माझे ओठ बघ. बाबांनाही पहिल्या दिवशी जमलं नव्हतं.

खाली सही करताना हात सवयीने जे लिहितो ते लिहून गेला. मी ते खोडणार नाही.

तुझे,
आई-बाबा